बारा जोड बूट

मॅनेजरीणबाईंच्या शेतावर राहून गेलेल्या पाहुण्यांना बाकी काही आठवो न आठवो, बूट आठवायचे. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला गोठ्याची भिंत, भिंतीला लाकडी फळी आणि फळीवर बारा जोड गमबूट, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. आठ हिरवे, तीन काळे आणि एक जोड लालभडक, कारण दुकानदाराकडे त्या मापात दुसरा रंग नव्हता. घालायचे पाहुण्यांनी, पण कुठला जोड कुणाच्या पायात जाणार हे बाई ठरवणार. माणसाकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही सहा नंबर." चुकायच्या नाहीत.

मॅनेजरीणबाई हे नाव त्यांना आईवडलांनी ठेवलेलं नव्हतं, हे सांगायला नको. चार गाई, एक कालवड आणि वैरणीच्या माळ्यावर काढलेल्या दोन खोल्या, एवढ्या पसाऱ्याला बाई फोनवर 'आमचं मॅनेजमेंट' म्हणायला लागल्या, तेव्हा आसपासच्या घरांनी ही पदवी त्यांना बहाल करून टाकली. कानावर गेल्यावर त्या भडकतील म्हणून लोक वाट बघत बसले. बाईंनी पुढच्याच आठवड्यात पाटीवर आपल्या फोन नंबराखाली 'मॅनेजर' असं रंगवून घेतलं. आता अशा बाईला चिडवायचं तरी कसं?

त्यांच्या यजमानांचं टोपणनाव वक्ते. गृहस्थ दिवसाला वीस-पंचवीस शब्द बोलतात, त्यातले निम्मे गाईंशी. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मांडवातले निम्मे लोक जेवून घरी गेले होते, असं अजून सांगतात. खरंखोटं देव जाणे.

तर ते बूट. सुरुवातीला बाई ते घासूनपुसून आरशासारखे ठेवायच्या. मग एका पाहुणीने घरी गेल्यावर मोबाइलवर अभिप्राय लिहिला, की जागा छान आहे, पण सगळं इतकं नीटनेटकं आहे की खऱ्या शेतावर आल्यासारखं वाटलंच नाही. पाचापैकी तीन तारे. बाईंना दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी बादली घेतली, तीत थोडी माती आणि गोठ्यातलं थोडं ओलं शेण कालवलं, भिंतीला चुना लावायचा ब्रश घेतला आणि बारा जोडांना मेकअप केला. टाचेवर दोन फटकारे, पंजावर एक, घोट्याजवळ नुसते शिंतोडे. सराव झाल्यावर हात असा बसला, की माणूस पहाटेपासून राबून आत्ताच बांधावर टेकलाय असं वाटावं. पाहुणे पाय पुढे काढून फोटो काढायचे आणि तारे पाचच्या पाच पडायचे. पाहुणे गेले की बाई ओल्या फडक्याने बुटांचा वरचा भाग लख्ख पुसून ठेवायच्या. तळाचं कोण बघतंय?

वक्त्यांनी हा उद्योग पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते थबकले, बादलीत डोकावले, म्हणाले, "नवीनच," आणि निघून गेले. एवढी एकच साक्ष. बाकी कुणाला ही गोष्ट माहीत नव्हती आणि माहीत व्हावी असं बाईंना वाटतही नव्हतं.

बूट घालून पाहुणे जायचे ते ओढ्यापलीकडे, धाकटीकडे. धाकटी म्हणजे बाईंची जाऊ. तिच्याकडे पस्तीस-चाळीस शेळ्या. दोन घरांच्या मधे ओढा, ओढ्यावर फळ्यांचा पूल. पण मधली तीन वर्षं त्या पुलावरून कुत्र्याशिवाय कुणी ये-जा केलेली नव्हती. कारण काय, तर धाकटीने नेलेला प्रेशर कुकर परत आला तो शिट्टीशिवाय. धाकटी म्हणे आला तसाच दिला, थोरली म्हणे शिट्टीशिवाय मी काय कुकरमध्ये फुलं लावत होते? एवढ्यावरून दोन सख्ख्या भावांची घरं तीन वर्षं मुकी. वक्त्यांचं ठीक आहे, त्यांना फरक पडला नाही. पण बाईंना जाच व्हायचा. त्यांना बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, आणि त्यांच्या बोलण्याला तोडीस तोड उत्तर देणारी त्या टापूत एकच होती, ती ओढ्यापलीकडे.

वाट मोकळी केली ती पाहुण्यांच्या पोरांनी. समोरच्या उतारावर उड्या मारणारी करडं पाहून ती तिकडे जायचा हट्ट धरायला लागली. शेवटी बाईंनी ओढ्याच्या काठावर उभं राहून, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "चार पोरं पाठवू का?" पलीकडून उत्तर आलं, "शिट्टी वाजवून पाठवा." दोघी हसल्या, आणि संपलं. त्यानंतर 'शेतफेरी' सुरू झाली. बाईंकडे दूध काढायचं, बूट घालून पूल ओलांडायचा, धाकटीकडे करडांना बाटलीने दूध पाजायचं. धाकटी करडांशी बोलता बोलता पाहुण्यांनाही टोमणे मारून घ्यायची. संध्याकाळी दोघी पुलाच्या कठड्याला टेकून दिवसभराच्या माणसांच्या नकला करायच्या. बाईंना खोल्या भरल्याचा आनंद होताच, पण ती पुलावरची अर्धी घटका त्यांना जास्त हवी असायची. ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. न सांगता सगळ्यांना दिसत होतं.

ज्या शनिवारी बारा शिक्षिका यायच्या होत्या, त्या सकाळी महाराणी खाईना. महाराणी ही गोठ्यात अगदी दाराशी बांधलेली, पाहुण्यांचा पहिला मान घेणारी गाय. तिच्या तोंडाला लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि ती मागचे पाय एकेक करून झटकत होती. बाईंनी मनाशी निदान केलं, की आदल्या दिवशीच्या पोरांनी पावाचा अख्खा पुडा चारलाय, त्याचं हे. वक्ते गाईच्या पायाशी उकिडवे बसून होते. म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना बोलावू?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. दोन महिने आधी ठरलेली गाडी तासाभरात दारात येणार होती.

"गाडी जाऊ दे. मग बोलावू."

"लाळ बघितलीस?"

"अहो, शिक्षिका आहेत त्या. दारातच गाय अशी उभी दिसली तर काय शिकवतील आपल्याबद्दल?"

वक्त्यांचा त्या दिवसाचा शब्दांचा साठा बहुधा तेवढाच होता. त्यांनी महाराणीला सोडलं आणि मागच्या पडवीत नेऊन बांधलं. तिची जागा मोकळी झाली. बाईंनी नेहमीप्रमाणे बादली आणली आणि हाताशी होतं ते शेण, म्हणजे महाराणीच्या जागेवरचं, लाळेने चिकट झालेलं, मातीत कालवून बारा जोड रंगवले. हात सवयीने चालला. टाचेवर दोन, पंजावर एक.

दिवस मोठा झकास गेला. शिक्षिका म्हणजे शाळा सुटलेली पोरंच. त्यांनी दूध काढलं, एकीने बादली लाथाडून घेतली, पूल ओलांडताना रांगेत चला म्हणून एकमेकींना दरडावलं. धाकटीकडे दगडी गडग्यावर बाराजणी ओळीने बसल्या, मांडीवर एकेक करडू घेऊन, पाय पुढे करून. फोटो काढला तो धाकटीनेच, त्यांच्यातल्या एकीच्या मोबाइलवर.

संध्याकाळी गाडी गेली आणि बाईंनी फोन केला. डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. जनावरांची डॉक्टर, वय तिशीच्या आत, पण म्हशीच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालते, त्यामुळे म्हातारी माणसंही तिला बाई म्हणतात. त्यांनी महाराणीची जीभ बाहेर ओढली, आणि बाईंनी पाहिलं, की जिभेवर फोड येऊन फुटले होते, वरची कातडी लोंबत होती. खुरांच्या बेचक्यातही तेच.

"लाळ्या-खुरकूत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लस?"

लसीची पाळी पुढच्या पंधरवड्यात होती.

त्यांनी तिथेच वही काढली आणि विचारायला लागल्या. आठवड्यात कोण आलं, कोण गेलं, नवीन जनावर आणलं का, वैरण कुठली, दूध कोण नेतं. बाई पटापट उत्तरं देत होत्या. मग शिक्षिकांचा विषय निघाला.

"गोठ्यात शिरल्या होत्या?"

"शिरल्या होत्या. पण महाराणी मागे होती."

"इथून पलीकडे गेल्या?"

"गेल्या."

"पायांत काय होतं?"

बाईंची नजर गव्हाणीच्या आडोशाला गेली. तिथे ती बादली होती आणि ब्रश तिच्यात उभा होता. त्यांनी पायाने बादली हळूच आत सरकवली.

"आमचे गमबूट. धुतलेले असतात," त्या म्हणाल्या. फळीवर बारा जोड वरून लखलखत उभे होतेच. डॉक्टरीणबाईंनी तिकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

खोटं बोलायचं असं बाईंनी ठरवलं नव्हतं. बूट धुतलेले असतातच की, आदल्या संध्याकाळी धुतलेच होते, असं त्यांनी दिवसभर स्वतःला समजावलं. स्वतःची समजूत काढायला एवढा वेळ लागायला लागला की ओळखावं.

त्या दिवसापासून सगळं मिटायला लागलं. फाटकावर दोरी, उंबऱ्यापाशी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेली पोती, कडेने चुन्याची पट्टी. जनावर हलवायचं नाही, वैरण हलवायची नाही, एका गोठ्यातल्या माणसाने दुसऱ्या गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना लाल फीत बांधली गेली. बाईंच्या उरलेल्या तिन्ही गाईंची तोंडं दोन दिवसांत आली. चारा पुढ्यात असायचा, गाय त्याच्याकडे बघायची, तोंड लावायची आणि मागे सरायची. वक्ते दिवसातून चारदा त्यांची तोंडं तुरटीच्या पाण्याने धुवायचे आणि पातळ कांजी हाताने भरवायचे. दूध आटलं. पाहुण्यांचे फोन आधी चौकशीचे आले, मग रद्द करायचे आणि मग यायचे थांबले. बाईंनी पाटीवर पोतं टाकलं. फाट्यावरच्या लॉजवाल्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या खुंटीला लटकत राहिल्या. तो म्हणाला, टेकडीवर फिरायला येणाऱ्याला गाईगुरांचा रोग होत नाही हो, पण सांगायचं कुणाला, रस्त्यावर चुना बघूनच गाड्या मागे वळतात. चहाच्या टपरीवाल्याने तर बाक उलटे करून ठेवले.

बाईंना यातलं काहीच मोठं वाटत नव्हतं. त्यांचा एक कान सारखा ओढ्याकडे होता.

गुरुवारी दुपारी धाकटीचा फोन आला. आवाज साधाच होता, आणि त्याचंच बाईंना भ्या वाटलं.

"ताई, दूध पिता पिता एक करडू पडलं. उचलायला गेले तर गेलेलं. नुसतं पाय ताणले आणि गेलं."

"आणि बाकीची?"

"बाकीची चांगली दिसतायत."

संध्याकाळपर्यंत तीन गेली. शनिवारपर्यंत अकरा. मोठ्या शेळ्या थोड्या लंगडल्या, थोड्या खंगल्या आणि तगल्या, पण करडांचं काळीजच हा रोग धरतो म्हणे. सकाळी उड्या मारणारं पिल्लू दुपारी आडवं. बाई अंगणातून बघायच्या. पलीकडच्या उतारावर धाकटा दीर खड्डा खणायचा आणि धाकटी घमेलं घेऊन उभी असायची. एरवी अशा वेळी बाई सगळ्यांच्या आधी तिथे असत्या. आता मधे लाल फीत होती. आणि फितीच्याही आधी ती बादली.

माणसाला कुणावर तरी खापर फोडल्याशिवाय चैन पडत नाही. ते फुटलं दूधगाडीवाल्यावर. हा इसम वीसएक वर्षं त्या रस्त्याने दूध गोळा करतोय. प्रत्येक दाराला त्याचा वेगळा भोंगा. बाईंच्या दाराशी दोन लांब, धाकटीच्या दाराशी तीन तुटक. दुधाबरोबर बातम्याही उचलायचा आणि पुढच्या दारी रिकाम्या करायचा, त्यामुळे तसा सगळ्यांचा लाडका आणि तसाच सगळ्यांचा संशयित. डॉक्टरीणबाईंच्या वहीत दोन्ही घरांत गेलेलं एकच नाव होतं, ते त्याचं. शिक्षिका होत्या, पण त्यांच्यापुढे 'धुतलेले बूट' लिहिलेलं होतं. डेअरीने त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, याच्या चाकाला लागून आलं बघा. माझी अकरा करडं त्याच्या चाकाखाली गेली." बाई हूं म्हणाल्या. हूं हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात होय बसतं, नाही बसतं आणि लपूनही राहता येतं.

मंगळवारी दूधगाडीवाला फाटकाशी आला. चालत. भोंग्याशिवाय त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे बाईंना क्षणभर ओळखूच आला नाही. तो दोरीच्या पलीकडे उभा राहिला, पायताणं आधीच काढून हातात धरलेली.

"वहिनी, एक अर्ज लिहून द्याल? डेअरीला. तुमची भाषा चांगली. मी चाकं धुतो, प्रत्येक दाराबाहेर गाडी उभी करतो, गोठ्यात कधी पाऊल टाकत नाही, तुम्ही बघताच. खाली तुमची सही असली तर ते ऐकतील. मॅनेजर लिहिता ना, ते पण लिहा."

तो गमतीने म्हणत नव्हता. वक्ते अंगणात गाईला भरवत होते. त्यांनी मान वर केली, बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा कांजीकडे वळले. बोलले काही नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात बाईंना त्यांचं बोलणं कधी टोचलं नाही. टोचलं ते नेहमी हेच.

बाईंनी कागद आणला. ओट्यावर बसून लिहिलं, की सदर इसम अनेक वर्षांपासून माझ्या ओळखीचा असून. तिथे पेन थांबलं. बाईंना अर्ज लिहिताना अडखळलेलं कुणी बघितलं नसेल. ग्रामसेवकाला लिहिलेल्या त्यांच्या अर्जांची म्हणे कचेरीत वेगळी फाईल आहे. पण पुढचं वाक्य येईना. हा निर्दोष आहे असं लिहायचं, तर त्यांना कसं माहीत, हे लिहायला लागणार. आणि ते न लिहिता नुसती सही ठोकायची, तर या माणसाने दोरीपलीकडे अनवाणी उभं राहून आपले आभार मानायचे आणि ते आपण घ्यायचे.

त्यांनी कागदाची घडी केली.

"अर्ज नको," त्या म्हणाल्या. "मी फोनच करते."

आणि त्याच्यासमोर त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बादली, माती, शेण, ब्रश, महाराणीची जागा, टाचेवर दोन, पंजावर एक. सगळं एका दमात. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की बूट घालून कुणी तिसरीकडे गेलं का. नाही, इथेच काढले. त्यांनी सुस्कारा टाकलेला ऐकू आला. तेव्हाच सांगितलं असतं तर वाचली असती का करडं, हे बाईंनी स्वतःहून विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचली असती असं नाही सांगता येणार. वेगळी काढता आली असती, काकू. बघता आलं असतं." रागावल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं.

दूधगाडीवाला हे सगळं ऐकत होता. पायताणं घालायला त्याला दोन वेळा वाकावं लागलं. जाताना एवढंच म्हणाला, "मी गेले चार दिवस पोरांना सांगतोय, की बापाने काही केलेलं नाही. आता तुम्ही सांगितल्यावर त्यांना खरं वाटेल." त्यात टोमणा होता की नव्हता, हे बाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

राहिली धाकटी. फोनवर सांगता आलं असतं. बाईंनी दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवला. तोंड न दाखवता सांगणं म्हणजे पुन्हा बादली आत सरकवणंच. त्या ओढ्यावर गेल्या, फितीपाशी. ओढा आठवडाभर फुगलेला, पाणी नुसतं खळाळत होतं. धाकटी पलीकडे भांडी घासत होती. बाईंनी हाक मारली. धाकटी उठून फितीपाशी आली, हाताची राख तशीच.

आता गुपित ही गोष्ट कानात सांगायची असते. इथे मधे वीस पावलांचं पाणी. बाईंनी पहिल्यांदा सांगितलं ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं. धाकटीने कानाला हात लावला. तिसऱ्यांदा बाईंनी छातीत दम भरला आणि ओरडल्या, "बुटांना शेण मी लावलं होतं. महाराणीच्या जागेवरचं. तेच घालून त्या तुझ्याकडे आल्या. दूधगाडीवाल्याने नाही, मी आणला रोग. आणि डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितलं."

वरच्या वळणावर कुणी तरी सायकल थांबवली. टपरीवाला बाहेर आला. जी गोष्ट आठवडाभर एका बादलीत मावली होती, ती आता दोन्ही उतारांवर पसरली.

धाकटीने राखेचे हात पदराला पुसले. मग तिने विचारलं, आणि ती ओरडली नाही, तरी या वेळी पाण्याच्या आवाजातून नीट ऐकू आलं.

"शेण कशाला लावलं?"

"फोटोत चांगलं दिसतं म्हणून."

धाकटीने मान डोलावली, जसं काही फार सोपं उत्तर मिळालं. वळली, भांडी उचलली, आत गेली. दार लागल्याचा आवाज बाईंना ऐकू आला नाही, दिसलं फक्त.

त्यानंतर दोन महिने गेले. दूधगाडीचा भोंगा पुन्हा वाजायला लागला, बाईंच्या दाराशी मात्र दोन लांबऐवजी एकच आखूड. महाराणी उठली, पण तिचं दूध पहिल्यासारखं आलं नाही आणि उन्हात धापा टाकायची खोड लागली. बंदी उठली, चुना पावलांनी पुसला गेला, फीत कुणी तरी काढून नेली. बाईंनी बूट सोड्याच्या पाण्यात तीनदा बुडवले, तळवे खिळ्याने खरवडून काढले, आणि फळीवर उलटे ठेवले, तळ वर करून. वक्त्यांनी ते पाहिलं आणि दोन शब्द खर्च केले, "असेच राहूदेत."

पुलावरून कुणी आलं नाही. कुकरच्या वेळी बाई निदान भांडल्या होत्या. या वेळी भांडायलाही तोंड नव्हतं.

मग एके दिवशी सकाळी त्या शिक्षिकांपैकी एकीने फोटो पाठवला. मोबाइल बदलण्यात राहूनच गेला होता, म्हणाली, आणि खाली तुमची पिल्लं आता मोठी झाली असतील ना, असं विचारलेलं. बाईंनी उत्तर दिलं नाही. पण फोटो आल्याचं वक्त्यांना बोलल्या, आणि वक्ते, ज्यांनी आयुष्यात कुणाचा निरोप कुणाला पोचवला नव्हता, ते वैरणीच्या निमित्ताने पूल ओलांडून गेले आणि भावाच्या घरी काय ते बोलून आले. किती शब्द लागले असतील त्यांनाच ठाऊक.

दुपारी धाकटीचा संदेश आला. दोन महिन्यांतला पहिला. "करडांचा फोटो पाठवा. माझ्याकडे त्यांचा एकही नाही. बूट कापून पाठवा."

बाई ओट्यावर बसल्या, चष्मा लावला आणि फोटो मोठा केला. बाराजणी गडग्यावर, बाराजणींच्या मांडीवर करडं. आधी खालून कापून पाहिलं, तर करडांचे पाय जात होते. डावीकडून कापलं, तर दोन करडं जात होती. एकेक करून कापायला घेतलं, तरी कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात हिरवा पंजा येतच होता. आणि मधोमध, लाल बुटाशी, मांडीवरून उतरलेलं एक पांढरं करडू होतं, कानावर तपकिरी ठिपका असलेलं. ते त्या बुटाला चाटत होतं. त्याची जीभ दिसत होती. टाचेवरचे दोन फटकारेही दिसत होते.

तासभर बाई त्या मोबाइलशी झटत होत्या. वक्ते येऊन शेजारी बसले आणि बघत राहिले.

शेवटी बाईंनी लिहिलं, "बूट निघत नाहीत."

पलीकडच्या उतारावर धाकटी दारात आली, हातात फोन होता. तिने ओढ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून काही तरी लिहिलं आणि आत गेली. दार उघडंच राहिलं.

बाईंच्या हातातला फोन थरथरला.

"मग आहे तसा पाठवा."